भिंतीकडची चांदणी

माझी लेक सालोते ब्रिस्बेनला नांदते. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला तिने सासूच्या झाडावर आपल्या गावची एक चांदणी टांगली. केवड्याच्या पातीची, मी विणलेली, कडेला लाल लोकर. सासूने ती काढली आणि झाडाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे लावली. म्हणाली, पुढे सगळं चंदेरी आणि निळं आहे गं, त्यात ही जरा वेगळी दिसते.

सालोतेने हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. ती कधी खरी हसते आणि कधी वरवरची, हे मला समुद्रापलीकडूनही कळतं. मनात म्हटलं, विहीणबाई, एकदा माझ्या दारात या.

आणि या वर्षी त्या येणार म्हणून कळलं. सालोते, जावई डॅरिल आणि त्याची आई नोरीन, नाताळासाठी, आमच्या बेटावर. सालोतेने आधी पैसे पाठवले आणि मग फोन केला.

"आई, सुवा शहरातून झाडाचे गोळे मागव. काचेचे नकोत, प्लास्टिकचे चालतील, पण चकचकीत हवेत."

"बरं."

"या वेळी केवड्याचं वगैरे काही टांगू नकोस. त्यांना तसलं..."

"तसलं म्हणजे कसलं?"

"काही नाही गं. तू आपले गोळे मागव."

मी त्या पैशांचे पत्रे मागवले. गेल्या वादळापासून आमच्या पुढच्या खोलीच्या छपरातून खऱ्या चांदण्या दिसत होत्या, त्या आधी बंद करायला हव्या होत्या. पाहुणी अंगावर पाऊस घेऊन झोपली असती, तर झाडावर सोन्याचे गोळे लावून काय उपयोग होता? पत्रे बोटीने आले, माझ्या मुलाने, आपिसाईने, ते ठोकले, आणि गोळ्यांपुरतं काही उरलं नाही.

माझी सून विलिमाइना घाबरट आहे. मनाने चांगली, पण घाबरट. ती म्हणाली, "आई, मग आता झाडावर काय लावायचं?"

"या बेटावर कशाची कमी आहे?"

"सालोते चिडेल."

"चिडू दे. तिची सासू माझ्या घरी येते आहे, दुकानाच्या घरी नाही. माझी मुलगी भरल्या घरातून गेली आहे हे त्या बाईला दिसलं पाहिजे. झाड भरलेलं पाहिजे, आणि आपल्या हातचं पाहिजे."

हे मी तिला सांगितलं आणि पुढच्या रविवारी चर्चच्या दारात बायकांनाही सांगितलं. एकदा मी चर्चच्या दारात बोलले की ते झालंच म्हणून समजायचं.

आमच्यात एक रीत आहे, केरेकेरे. नात्यातल्या माणसाने एखादी वस्तू मागितली की ती द्यायची. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. आज तुम्ही दिलंत, उद्या तुम्ही मागा. नाही म्हणणाऱ्या घरी आमच्याकडे कुणी चहालाही बसत नाही. तर मी मागायला निघाले, आणि सगळ्यात आधी गेले नणंदेकडे.

उनाइसी ही माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. तिचं घर आमच्या घराला लागून. आमच्याकडे नणंद-भावजयींनी एकमेकींना टोचून बोलायचं असतं, ते प्रेमाचं समजतात. आम्ही दोघी त्यात कधी कसूर केलेली नाही. त्या दिवशी ती अंगणात साल कुटून केलेलं कापड कापत होती. काळ्या आणि तपकिरी नक्षीचे छाप मारलेलं मोठं कापड, कुणाच्या तरी लग्नाचं. कडा कापून तिने बाजूला ढीग केला होता.

"वन्सं, केरेकेरे," मी म्हटलं. "त्या कडा द्या."

"कशाला? चुलीत घालायला काढल्या आहेत."

"मला चुलीत घालायच्या नाहीत."

"लेकीने गोळ्यांना पैसे पाठवले ना? गावभर झालंय."

"ते छपरावर गेले."

उनाइसीने हातातली कात्री खाली ठेवली. "म्हणजे वहिनी, तू विहिणीपुढे चिंध्या टांगणार?"

"तुमच्या चिंध्या, माझे हात. काय होतं ते बघा."

तिने ढीग उचलून दिला. देताना म्हणाली, "माझं नाव नको सांगूस त्या बाईला." पण सगळा दिला, एक पट्टीही मागे ठेवली नाही.

मग बाकीच्या घरांतून दुधाच्या डब्यांची झाकणं आणली. चटयांना झालर लावून उरलेली लोकर आणली. रतनगुंजेच्या लाल बिया विलिमाइनाने झाडाखालून वेचल्या, कवड्या ओहोटीला मिळाल्या. बिस्किटांच्या पाकिटांची आतली बाजू चांदीसारखी असते, ती पुसून घेतली. घरात हळद होतीच.

आता काम कसं केलं ते सांगते, कारण गावाबाहेरच्या लोकांना वाटतं, हे कापायचं आणि टांगायचं. सालीचं कापड एकेरी लावलं तर दमट हवेत मान टाकतं. दोन तुकडे आरारुटाच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वर भरलेलं पातेलं ठेवायचं, आणि पुरतं वाळायच्या आत कापायचं. ओलं कापलं की दशा निघतात, कडक झालं की कोपरा तुटतो. बोटाला गार लागलं पण बोट ओलं झालं नाही, की कात्री घ्यायची. रतनगुंज तशी टोचायला गेलं तर सुई मोडते, कढत पाण्यात ठेवली की ऐकते. डब्याच्या झाकणाची चांदणी कापली की तिच्या कडा दगडावर ठोकून आत वळवायच्या, नाहीतर नाताळच्या दिवशी पोरांची बोटं बांधत बसावं लागतं. केवड्याची पात हळदीत उकळली की पिवळी, खारफुटीच्या चिखलात पुरली की काळी. पिवळी काळी मिळून मासे विणले, पारवे विणले, घंटा विणल्या. टांगायला काथ्याचा दोरा.

सगळ्यात वरची चांदणी मी उनाइसीच्या कापडाच्या चांगल्या तुकड्यांची केली. मधे कवडी, टोकांना लाल बिया. ती हातात धरून विलिमाइना म्हणाली, "आई, ही दुकानातून आणली असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता."

"दुकानात मिळाली असती तर मी परत केली असती," मी म्हटलं. "दुकानवाले दुहेरी चिकटवत नाहीत."

आपिसाईने किनाऱ्यावरून सुरूचं कोवळं झाड तोडून आणलं आणि बिस्किटांच्या मोठ्या डब्यात वाळू भरून उभं केलं. मी ते पुढच्या खोलीत, बरोबर दारासमोर ठेवायला लावलं. वाऱ्यावर कवड्या वाजायला लागल्या. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबून बघत होता, आणि मी चटईवर बसून कोण कोण थांबतं ते बघत होते.

विलिमाइना म्हणाली, "आई, बोट यायला अजून वेळ आहे. तोवर दार लावून ठेवू या का?"

"आपल्या घरात कुणी वारलंय का?"

"नाही, पण लोक बघतील."

"बघायलाच ठेवलंय."

दार लावलेलं घर म्हणजे एकतर मयत झालेलं किंवा चिक्कू. दोन्ही नावं मला नको होती. दार उघडं राहिलं.

पहिल्यांदा पाळकांची बायको आली. खाली बसली, चहा घेतला, पाऊस किती आणि नारळ किती ते बोलली, आणि उठताना म्हणाली, "आकानिसी, तो पारवा किती शांत दिसतो गं. चर्चमधल्या गव्हाणीवर शोभेल. केरेकेरे." मी पारवा काढून दिला. देवाच्या घरी गेला, त्याचं काय वाईट वाटायचं.

दुसऱ्या दिवशी माझी पुतणी आली, बाळंतपणाला टेकलेली. तिला मासे हवे होते, होणाऱ्या बाळाच्या मच्छरदाणीला बांधायला. पोटुशीला कोण नाही म्हणतं? मग गावचा मुखिया आला. त्याने घंटा मागितली, आणि बायकोला आवडेल म्हणून दुसरी. मग शेजारच्या गावची व्याही मंडळी. मग पोरं, ज्यांना डब्याच्या चांदण्या हव्या होत्या आणि ज्यांना मी आधी कान धरून हात धुवायला पाठवलं. प्रत्येकाने रीतीने मागितलं, मी रीतीने दिलं. घेणाऱ्याने आभाराच्या, ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या, आणि मला आतून बरं वाटत राहिलं, हे खोटं बोलणार नाही. माझ्या हातचं अख्ख्या गावाला हवं होतं.

सुरुवातीला जेवढं जाई तेवढं मी नवं करत होते. मग सालीचं कापड संपलं. मग झाकणं संपली. घरात राहिली फक्त नव्या चटईच्या काठासाठी राखून ठेवलेली पात, आणि ती चटई सालोतेच्या संसारासाठी होती. तिला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं.

विलिमाइना हळूच म्हणाली, "आई, राहिलेलं पेटीत ठेवू या का? बोट गेल्यावर काढू... म्हणजे आल्यावर."

"आपण काही चोरलंय का?"

"नाही."

"मग लपवायचं कशाला?"

ज्या दिवशी बोट दिसली त्या दिवशी झाडावर एक वाकलेली पत्र्याची चांदणी, बिस्किटाच्या चांदीची थोडी माळ आणि सगळ्यात वरची ती मोठी चांदणी, एवढंच होतं. मोठी चांदणी असली की मला बाकीच्याची फिकीर नव्हती. झाडाला डोकं असलं की पुरे.

आपिसाई होडी घेऊन बोटीकडे निघाला, आणि दारात उनाइसी उभी राहिली.

"वहिनी, वरची ती माझ्या कापडाची आहे ना?"

"तुमच्या चिंध्यांची, वन्सं."

"फार सुरेख झाली आहे." ती खाली बसली आणि पदर सारखा करावा तसा तिने मांडीवरचा कपडा सारखा केला. "केरेकेरे."

विलिमाइनाने तोंडावर हात ठेवला. मी उनाइसीकडे बघितलं. तिला माहीत होतं बोट आली आहे. सगळ्या गावाला माहीत होतं. पण मागितलं ते मागितलं, आणि तिच्याकडून ढीगभर कडा मी याच शब्दावर आणल्या होत्या.

मी उठले, चांदणी काढली आणि दोन्ही हातांनी दिली. "जपून ठेवा. कोपरे नाजूक आहेत."

"तुझ्यासारखेच," ती म्हणाली, आणि टाळ्या वाजवून गेली.

विहीणबाई आल्या त्या जावयाच्या खांद्यावर टेकून. उंच, सडपातळ, रुंद टोपी, आणि बोटीने तोंडाचा रंग कच्च्या केळ्यासारखा झालेला. मी त्यांना घराच्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी, सगळ्यात मऊ चटईवर बसवलं. नारळपाणी दिलं. त्या प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणत होत्या, पंखा घातला तरी थँक्यू.

सालोते आत आली तशी तिने आधी झाडाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आई, हे काय?"

"झाड आहे."

"गोळे कुठे आहेत?"

"छपरावर."

तिने वर बघितलं. नवे पत्रे चमकत होते. तेवढ्यात नोरीनबाई झाडाकडे बघून काहीतरी बोलल्या, गोड आवाजात. मी विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, साधं आणि छान आहे," सालोते म्हणाली. माझी मुलगी दुभाषी म्हणून कामाची नाही. तोंड एक सांगतं आणि मान दुसरं.

मागे चुलीपाशी ती माझ्यामागोमाग आली. मी अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधत होते. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "एकच गोष्ट सांगितली होती मी तुला."

"झाड भरलेलं होतं. लोकांनी मागितलं, मी दिलं."

"नाही म्हणायचं होतंस. एकदा. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी मी घराचं नाव घालवू?"

"तुला कळत नाही, आई. मला त्या घरात राहायचं आहे. त्यांच्याकडे दर वर्षी झाड कसं असतं माहीत आहे? पट्टीने मोजून लावल्यासारखं. आता परत गेल्यावर त्या काही बोलणार नाहीत. काही बोलत नाहीत तेच वाईट असतं. माझं जे जे असेल ते त्या हसून भिंतीकडे लावतील."

ती रडली नाही. माझी मुलगी आहे. पण पानं बांधायला बसली तेव्हा तिने गाठ इतकी ओढली की पान फाटलं. मी तिला दुसरं दिलं. मी म्हटलं, "नाताळ उद्या आहे. आज अजून संपला नाही."

मी हे खात्रीने म्हटलं. काय करायचं ते तेव्हा मला माहीत नव्हतं, पण ते आधीच माहीत असावं असं कुठे आहे?

दुपारी विहीणबाईंच्या पोटातला समुद्र शांत झाला. त्या जावयाबरोबर गावात फिरायला गेल्या. घराघरातून त्यांना मारलेल्या हाका मला ऐकू येत होत्या, या, चहा घ्या, बसा. आमच्याकडे रस्त्यावरच्या माणसाला जेवायला बोलवायचीच पद्धत आहे. पोरं किनाऱ्यावर बांबूच्या तोफा उडवत होती आणि प्रत्येक बाराला नोरीनबाईंची टोपी उडत होती, असं आपिसाईने सांगितलं.

परत आल्या त्या भराभरा बोलत. सालोतेला काहीतरी विचारत होत्या, हाताने चांदणी, मासा, घंटा काढून दाखवत होत्या.

"काय म्हणतात त्या?"

"त्या म्हणतात," सालोते सावकाश म्हणाली, "चर्चमध्ये, मुखियाच्या घरी, त्या पोटुशीच्या मच्छरदाणीवर, सगळीकडे इतक्या सुंदर वस्तू टांगल्या आहेत. एकही सारखी नाही. त्यांना त्या न्यायच्या आहेत. विचारतात, दुकान कुठे आहे?"

विलिमाइना हसू दाबायला मागे पळाली.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "दुकान इथे बसलं आहे."

सालोतेने सांगितलं. नोरीनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग झाडाकडे, त्यावरच्या रिकाम्या दोऱ्यांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. हळूच काही विचारलं, आणि या वेळी सालोतेने न सांगताच मला कळलं. मी मान हलवली. हो, सगळ्या. हो, मागितल्या म्हणून. डॅरिलने आईला पुढचं समजावलं, आमची रीत त्याला सालोतेने शिकवली आहे, आणि त्याने समजावताना केरेकेरे हा शब्द दोनदा आला.

मी उठले आणि राखून ठेवलेली पात काढली. चटईचा काठ थोडा अरुंद होईल. सालोतेच्या संसाराला त्याने काही कमी पडणार नव्हतं.

"विचार त्यांना, बघायचं आहे का करायचं आहे?"

त्यांना करायचं होतं. त्या मानाच्या जागेवरून उठून माझ्यासमोर आल्या, चटईवर बसल्या, आणि त्यांचे गुडघे पोरांच्या तोफांसारखे वाजले. मी पात ओली केली, शिंपल्याने ओढून मऊ केली, चार पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. वर, खाली, वळव, दाब. त्यांनी वर, वर, वळव केलं. मी उसवलं. पुन्हा. पुन्हा उसवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पंखा घालायला बसलेली विलिमाइना कितीदा उसवलं ते मनातल्या मनात मोजत होती.

शेवटी एक झाली. पाच कोपऱ्यांची व्हायची ती, चार झाले आणि पाचवा कुठेतरी बाजूला निघाला. पोट फुगलेलं.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "शाळेतल्या पोरी याच्यापेक्षा बरी करतात. पण पात तुटली नाही आणि गाठ धरली आहे. पहिल्या दिवशी माझ्या सुनेची गाठही धरत नव्हती."

सालोते नोरीनबाईंना म्हणाली, "गुड."

नोरीनबाई सालोतेला काही म्हणाल्या आणि डॅरिल खो खो हसला. "त्या म्हणतात," सालोतेही हसू लागली, "तुझी आई एवढं लांबलचक बोलली आणि त्याचं एवढंसंच झालं?"

"मग सगळं सांग."

तिने सगळं सांगितलं. विहीणबाईंनी शाळेतल्या पोरींचं ऐकून मान डोलावली, सुनेच्या गाठीचं ऐकून विलिमाइनाकडे बघितलं, आणि त्या दोघींची तिथेच मैत्री झाली.

मग त्या चांदणी घेऊन झाडाकडे गेल्या. पुढच्या बहुतेक फांद्या रिकाम्या होत्या. त्यांनी झाडाला वळसा घातला आणि आपली वाकडी चांदणी मागच्या अंगाला, भिंतीकडे टांगली. हात झटकले आणि हसून काहीतरी म्हणाल्या. सालोतेला त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. ही इथेच बरी, असं काहीतरी.

सालोते जमिनीकडे बघत होती.

मी उठले. भिंतीकडची ती चांदणी काढली आणि पुढे आणली, मध्यावर, दारातून येणाऱ्याच्या नजरेला पहिली पडेल अशी टांगली. पोट फुगलेली बाजू लपवली नाही.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "आमच्याकडे हाताने केलेलं भिंतीकडे लावत नाहीत."

सालोतेने आधी डॅरिलकडे बघितलं.

"सांग. जसं म्हटलं तसं."

तिने सांगितलं. शब्दाला शब्द, मला कळलं, कारण ती प्रत्येक शब्दाला थांबत होती. नोरीनबाई आपल्या चांदणीकडे बघत राहिल्या. त्यांचा गळा खालून वर लाल होत गेला. मग त्या सालोतेकडे वळल्या आणि अगदी हळू, दोघींपुरतं बोलल्या. डॅरिलने खिडकीबाहेर बघितलं. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. सालोतेने मान हलवली, मग सासूच्या दंडाला हात लावला. आणि हसली. हे खरं हसणं होतं.

मला वाटलं, झालं. नाताळ आला.

तेवढ्यात उनाइसी आली. अंगावर उद्याच्या चर्चची नवी कापडं घालून बघत होती आणि हातात तिचा नवा पंखा, बारीक विणीचा, कडेला चार रंगांची लोकर, नाताळच्या प्रार्थनेसाठी महिनाभर बसून केलेला. ती येऊन नेमकी झाडाखाली बसली, वारा घालत.

"वहिनी, ही वाकडी कुणाची?"

"विहीणबाईंची. हळू बोला."

"त्यांना काय कळतंय." तिने चांदणी निरखली. मग नोरीनबाईंकडे वळून, चांदणीकडे बोट करून, गोड म्हणाली, "केरेकेरे."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "वन्सं, आता लाज सोडलीत का? ते नात्यात मागतात. पाहुण्याकडे नाही."

उनाइसीने पंखा थांबवला. "का? माझ्या भावाच्या मुलीची सासू आहे. तिच्याकडे मागायचं नाही? मग ती तुझी कोण, गिऱ्हाईक?"

बोलण्यात मी हरले. असं वर्षातून एकदा होतं आणि ते नेहमी उनाइसीमुळे होतं.

सालोते घाईने सासूला समजावू लागली, द्यायलाच पाहिजे असं नाही, आत्या चेष्टा करते आहे. पण नोरीनबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्या उठल्या. झाडापाशी आल्या. उनाइसी झाडाखाली बसलेली, आणि बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून हात न्यायचा तर आमच्याकडे आधी वाकून परवानगी मागावी लागते. विहीणबाई वाकल्या आणि परवानगीचा तो शब्द पुटपुटल्या. चुकीचा पुटपुटल्या, पण पुटपुटल्या. कुठल्या घरात ऐकला असेल कोण जाणे. त्यांनी चांदणी काढली, आपली पहिली, आणि दोन्ही हातांनी उनाइसीला दिली.

उनाइसीने ओंजळ करून टाळ्या वाजवल्या. मला माझ्या नणंदेचा चेहरा ठाऊक आहे. तिला वाटलं नव्हतं की मिळेल.

पण विहीणबाई परत जागेवर गेल्या नाहीत. त्या तिच्यासमोर तिथेच बसल्या, गुडघे पुन्हा वाजले, आणि एक बोट उनाइसीच्या पंख्याकडे करून म्हणाल्या, "केरेकेरे."

उच्चार असा की दगडालाही हसू यावं. पण शब्द तोच होता.

उनाइसीने पंख्याकडे बघितलं. चार रंगांची लोकर. उद्याची प्रार्थना. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काय झालं वन्सं? नात्यातलीच आहे ना?"

विलिमाइना आधी हसली, मग मी, मग सालोते भिंतीला टेकून पोट धरून. उनाइसीनेच सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात मोठ्याने. तिने पंखा दोन्ही हातांनी पुढे केला, आणि विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, ओंजळीच्या नाही, सपाट वाजल्या. ते शिकतील.

"आता चर्चला मी वारा कशाने घालू?" उनाइसी म्हणाली.

"चांदणीने घाला," मी म्हटलं. "पोट मोठं आहे तिचं."

झाड पुन्हा ओकंबोकं झालं. नोरीनबाई नवा पंखा हलवत त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं, आणि सालोते मला म्हणाली, "त्या विचारतात, आता उद्या झाडावर काय असणार?"

मी विलिमाइनाला म्हटलं, "पात भिजत घाल."

पण सालोते तिच्या आधी उठली होती. तिने चटईच्या काठाची उरलेली पात काढली, भांड्यात पाणी घेतलं आणि शिंपला बरोबर जागेवरून काढला, जणू काल परवाच तो तिने आपल्या हाताने तिथे ठेवला होता. मी विहीणबाईंना हाताने खूण केली की वर बसा, मानाच्या जागी, तिथे वारा चांगला येतो. त्यांनी नको अशी मान हलवली. त्या सरकल्या त्या दाराकडे, जिथे घरच्या बायका कामाला बसतात, आणि चार पट्ट्या मागायला त्यांनी हात पुढे केला.